आवाज बंद, टीव्ही चालू

बाबा,

मी दवाखान्यात ड्यूटीला निघाले, तुमचे चिरंजीवही ऑफिसला गेले. डबा ओट्यावर आहे. बेलकडे लक्ष देत बसू नका, शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली आहे.

आता मुद्द्याचं. काल आमचं जपानी कार्टून चालू असताना "पोरखेळ!" म्हणत दारात उभे राहिलात आणि शेवटी उशी ओढून बसलात, हे आम्ही पाहिलंय. म्हणून टीव्हीवर तुमच्यासाठी तशाच दोन जपानी गोष्टी काढून ठेवल्यात. आधी बेटावरच्या टपालवाल्या बाईचा सिनेमा बघा. ती गावभर भांडत भांडत पत्रं वाटते, तुमचं तिच्याशी जमेल. मग रेल्वेतल्या आचाऱ्याची मालिका. ती जेवून मगच लावा, नाहीतर डबा सकाळीच संपेल. यंत्रमानवांची मारामारी इतक्यात नको, तिथे खालच्या भाषांतराच्या ओळी फार भरभर पळतात. तुम्हाला नाही हो, मला! छापखान्यात जन्मभर प्रुफं वाचलेल्या माणसाशी कोण बरोबरी करणार? काल प्रत्येक विनोदाला तुम्ही आमच्या आधी हसत होता. आम्ही ओळ वाचून होईपर्यंत तुमचं हसून झालेलं! किती दिवसांनी असं झालं, बाबा.

मालिकेचा शेवटचा भाग मात्र एकट्याने बघायचा नाही. मी आल्यावर.

आणि ते कानाचं मशीन राहू दे खणात, आज त्यावरून वाद नाही. टीव्हीचा आवाजसुद्धा लावू नका. जपानी या घरात ऐकून कुणाला कळतंय?

सूनबाई