नारिंगी बुरशी आणि माझा स्वेटर

तीर्थरूप आईस, लांबूनच पाया पडतो.

मी ठणठणीत आहे. खोली कोरडी आहे, झोपही लागते.

रानातल्या अळंब्या निवडायचं काम आता अंगवळणी पडलंय. परवा मात्र बोलणी खाल्ली. इथे निरनिराळ्या पांढऱ्या अळंब्यांवर एक नारिंगी बुरशी चढते. छत्रीखालच्या झालरी बुजवते आणि वरून इतकी देखणी दिसते की गिऱ्हाईकं तीच मागतात. आसपास कोणत्या अळंब्या होत्या, हे तोडणाऱ्याला विचारल्याशिवाय ती घ्यायची नाही, असा इथला नियम. मी विसरलो आणि एक टोपलीत टाकली. सोबतच्या मावशींनी ती माझ्या नाकासमोर धरली. "आत कोणती होती, सांग बघू! विषारी असली तर?" मी ती मोडून पाहिली, ओळखण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आकार राहतो गं, आत मूळचं जे असतं, ते बुरशी हळूहळू खाऊन टाकते.

तुझा नवा भाडेकरू फार गुणी आहे म्हणतेस. माझा स्वेटर त्याला दिलास, बरं केलंस. माझ्या खुर्चीत बसतो, तुझी औषधं आणतो, तेही ठीक. पण शेजारच्या काकूंना तो तुझा मुलगा वाटला, यात हसण्यासारखं काय होतं? आणि त्याने "नाही" का म्हटलं नाही? आधी कुठे राहायचा, विचारलंस का?

मी संशयी नाही. गुडघा कसा आहे ते कळव, आणि जादा किल्ली कोणाकडे आहे तेही.

सुट्टी मिळाली की येतोच. दार मात्र तूच उघड. त्याने "कोण हवंय?" विचारलं, तर मी काय सांगू?

तुझा,
मूळचा मुलगा