सूनबाईसाठी नवं पात्र

प्रिय सूनबाई,

आपल्या फाशांच्या खेळाची नवी पुरवणी आली. त्यात तीन नवी पात्रं आहेत. तू माहेरी गेल्यापासून रविवारचा डाव मी आणि तुझ्या सासूबाई दोघंच कसाबसा रेटतोय. तू परत डावाला बसावंस एवढंच मला हवंय, म्हणून तुझ्यासाठी पात्र निवडायचं काम अंगावर घेतलं. डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेली माझी, तेव्हा पुरवणीचं पुस्तक कसं तपासलं असेल ते तू जाणतेस.

पहिली धुक्याची जादूगारीण. दिसायला झकास, पण तिसऱ्या फेरीतच मंत्र संपतात आणि मग बाई नुसती उभी. लिहिणाऱ्याने एकदा तरी स्वतः खेळून बघायचं होतं. दुसरा अस्वलावरचा योद्धा. त्याला इतकी ताकद देऊन ठेवलीय की बाकीच्यांनी खुशाल चहा करायला उठावं. तुझ्या सासूबाईंना तो भलताच आवडला, पण त्या पडलेला फासा हळूच उलटा करतात, त्यांचं मत धरू नकोस. तिसरी वाटाडी. ताकदीचे आकडे बेताचेच. पण मी चारदा खेळून पाहिलं, ही कुणाही सोबत्याबरोबर चालते आणि एकटी पडली तरी तिचं काही अडत नाही. मी तिला दहापैकी नऊ दिले.

तुझी जुनी धनुर्धारी काय वाईट होती, असं म्हणशील. ढालकरी दोन घरांच्या आत उभा असेल तरच तिचा बाण दुप्पट लागतो. तू आणि बाळ्याने ती जोडी हौसेने तशी बांधली होती. तो गेल्यावर मी मूर्खपणा केला. तुझा बाण वाया जाऊ नये म्हणून त्याचा ढालकरी मीच पटावर चालवत राहिलो, वर त्याच्यासारखं बोलूनही दाखवलं. तू फासे खाली ठेवलेस, उठून आत गेलीस, आणि त्याच आठवड्यात माहेरी निघालीस. तुला बरं वाटेल म्हणून केलं, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं तर लेकाला पटावरून उचलायला माझाच हात धजत नव्हता. चुकलो मी. गेल्या रविवारी तो मोहरा उचलून ठेवला.

काल तुझ्या आईचा फोन आला. तुझ्या शाळेतल्या ग्रंथपालाने तुला लग्नाचं विचारलंय आणि आम्हाला काय वाटेल म्हणून तू महिनाभर त्याला ताटकळत ठेवलंयस, असं त्या म्हणाल्या. तुझ्या सासूबाई आधी रडल्या, मग त्यांनी तो जेवणात काय काय खातो ते विचारून घ्यायला मला बजावलं. हे पत्र त्यासाठीच, फोनवर मला जमलं नसतं. तुझ्या मनात असेल तर हो म्हण, आमच्यासाठी अडून राहू नकोस. लग्न झाल्यावरही हे घर तुझंच आहे. रविवारी त्यालाही घेऊन ये. खेळ येत नसला तर मी शिकवीन. बाळ्यालाही मीच शिकवला होता.

तुझाच,
बाबा