बिनचेहऱ्याचा शॉर्टस्टॉप

क्वीन्सटाउन, सिंगापूर
१२ मे २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आपला रविवारचा फोन म्हणजे जेवलास का, पाऊस आहे का आणि ठेवू का. खरी बातमी पत्रातच सांगता येते. आई गेल्यावरही आपण पत्रं सोडली नाहीत हे बरं झालं.

तर बातमी अशी, की मी इथल्या वन-नॉर्थ भागातल्या एका नव्या कचेरीत रुजू झालो. काम ऐकून हसशील. अमेरिकेतले बेसबॉलचे क्लब आपल्या खालच्या संघांतल्या पोरांचे व्हिडिओ आमच्याकडे पाठवतात आणि कुणात किती दम आहे ते आम्ही लिहून द्यायचं. माझ्या वाट्याला शॉर्टस्टॉप आले आहेत, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे चेंडू अडवून लांब फेकणारे. तुझ्या अश्विनच्या शाळेपासूनच्या मॅचेस तू मला बळंच दाखवल्यास, त्याच शिदोरीवर माझी निवड झाली. तेव्हा पेढे तूच वाट.

वशिला नको म्हणून पोरांचे चेहरे पुसलेले असतात. क्लब कुठला तेही कळत नाही. नंबर, वय आणि आईबापांची उंची-वजनं एवढंच हाती येतं, कारण पोरगं पुढे किती भरेल ते त्यावरून ताडतात. खाण तशी माती! भावोजींचं पोट कुणी मोजलं नाही म्हणून आपल्या अश्विनचं त्याच्या क्लबात निभावलं असणार. एखादा ओळखू आलाच तर हात वर करून आपण बाजूला व्हायचं, असा नियम आहे. आर्याने एकदा डोकावून पाहिलं आणि बाबा दिवसभर भुतं बघतो लाह, असं इथल्या पोरांच्या बोलीत मैत्रिणींना सांगून टाकलं.

मीनलचा नमस्कार. लोभ आहेच, रागावणं तेवढं कमी असावं.

तुझा
निशी


एडिसन, न्यू जर्सी
९ जून २०२४

चि. निशीस,
अ. उ. आ.

आबा असते तर म्हणाले असते, जो खो-खोत कधी धड पळाला नाही तो आता दुसऱ्यांच्या पायांना नावं ठेवतो. आणि विवेकचं पोट माझ्या हातचं आहे, त्याला कुणी काही बोलायचं नाही.

आता खरं लिहिते. अश्विनचं हे खालच्या संघातलं तिसरं वर्ष. तिथे शॉर्टस्टॉप चौघे आहेत. सप्टेंबरात एक वर जाईल आणि दोघांना तरी नारळ मिळेल असं सगळे बोलतात. हा कॉलेजला न जाताच तिकडे गेलेला. हे गेलं तर वीस वर्षांच्या पोराच्या हातात काही उरत नाही.

त्यात एप्रिलपासून त्याचं उजवं कोपर दुखतंय. परवा घरी आला तेव्हा भात डाव्या हाताने कालवला, म्हणून मला कळलं. गोळ्या घेतो आणि खेळतो. कोचला सांगितलेलं नाही, विवेकलाही नाही. मला शपथ घातली आहे. तुझ्याशी बोलते, कारण तू सातासमुद्रापार आहेस, तिथून कुणाच्या कानावर जाणार? तरी कुठे बोलू नकोस. माझा जीव थाऱ्यावर नाही.

मीनलला आणि आर्याला आशीर्वाद. तुझा लोभ मला या दिवसांत जरा जास्तच लागेल.

ताई


सिंगापूर
८ जुलै २०२४

ती. ताईस,
सा. न.

या पत्रात थट्टा नाही. अश्विनला डॉक्टरकडे ने. शॉर्टस्टॉपचं सगळं त्या लांब फेकीवर असतं आणि दुखऱ्या कोपराने तो फेकत राहिला तर हात जाईल. इथे आल्यापासून मी असे हात पाहिले आहेत. शपथ मोडावी लागली तरी मोड, पाप मला लागू दे.

आणि एक विचारायचं होतं. मैदानात शिरताना वाकून मातीला हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा, हे आबांनी त्याला लहानपणी शिकवलं होतं. तो ते अजून करतो का?

लगेच लिही.

निशी


एडिसन
१ ऑगस्ट २०२४

चि. निशीस,
अ. आ.

करतो. बाकीची पोरं हसतात, तरी करतो. पण आबांची आठवण तुला अशी मध्येच कशी आली?

डॉक्टरचं नाव काढू नकोस. डॉक्टरकडे नेलं की क्लबला कळणार, आणि कळलं की संपलं. सहा आठवडे राहिलेत. एकदा वर गेला की हवी तेवढी विश्रांती घेईल, मग मीच त्याला धरून नेईन. तू तिथे ईस्ट कोस्टच्या समुद्रावर सायकल फिरवून, हॉकरच्या टपरीवरचं खाऊन, उंटावरून शेळ्या हाकतोस. त्याची आई मी आहे.

रागावून लिहिलं. पण फाडत नाही, तसंच पाठवते.

ताई


एडिसन
१४ ऑक्टोबर २०२४

चि. निशीस,
अ. उ. आ.

अश्विनला काढलं.

क्लबने कोपर तपासलं आणि आठवड्याच्या आत त्याच्या हातात बॅग दिली. कुणीतरी बाहेरच्या माणसाने व्हिडिओ पाहून लिहून दिलं म्हणे, की याचं कोपर दुखतंय. कोचला दिसलं नाही ते त्याला दिसलं! पोरगं खोलीत बसून आहे. जेवण दाराशी ठेवते, अर्धं परत येतं.

ज्याने ते लिहिलं त्याला माझा तळतळाट लागेल. त्याचा हात तोंडाशी घास नेताना थरथरेल. आयुष्यात कुणाला असं बोलले नव्हते, आज बोलते. तुझ्याच धंद्यातला माणूस दिसतो, म्हणून विचारते, तुला माहीत आहे का तो कोण?

भाऊबिजेच्या अक्षता आणि कुंकू सोबत ठेवलं आहे. मी नेहमीसारखी चंद्राला ओवाळीन, तू अक्षता डोक्यावर टाकून घे. मला आता तूच आहेस.

ताई


सिंगापूर
४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,

तो माणूस मी.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका संघाचे चौघे शॉर्टस्टॉप आले, त्यांतला नंबर एकवीस पडद्यावर आला. चेहरा पुसलेला होता. तो वाकला, मातीला हात लावला आणि हात कपाळाला नेला. मग चेंडू आला. पाय सुरेख पडले, चेंडू हातमोज्यातून सुरेख निघाला, पण फेकण्याआधी त्याने एक उडी जास्त घेतली. कोपर वाचवायला. तुझं पत्र आलं नसतं तर मीही तिला नखरा समजलो असतो.

नियमाप्रमाणे मी बाजूला व्हायला हवं होतं. पण मग शेजारच्या टेबलावरच्याने त्याला चांगलंच लिहिलं असतं, कारण चौघांत तोच सगळ्यांत चांगला होता, ताई. हे तुला आधीच सांगायला हवं होतं. तो वर गेला असता आणि तिथे हात मोडून बसला असता. मी तुला डॉक्टरचं लिहिलं आणि थांबलो. तुझं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा लिहून दिलं, की कोपर दुखतं आहे, खेळवू नये, उपचार करावेत. काढा असं लिहिलं नव्हतं. आमच्या लिहिण्याचं पुढे काय करायचं ते आम्हाला कुणी विचारत नाही.

मीनलने काल पाट मांडला होता. मी बसलो नाही. अक्षतांचं पाकीट देवापाशी न उघडता ठेवलं आहे. माझ्यावर लोभ ठेव असं मागायला आज तोंड नाही.

निशिकांत


एडिसन
२ डिसेंबर २०२४

निशिकांत,

संशय मला आला होता, म्हणूनच तुला विचारलं. तू नाही म्हणशील असं वाटत होतं. नाही म्हणाला असतास तर मी विश्वास ठेवला असता.

अश्विनच्या कोपराचं ऑपरेशन झालं. रोजच्या कामाला हात येईल, जेवेल, लिहील. फेक गेली. कोपराबरोबर नसही दुखावली आहे. डॉक्टर म्हणाले की जुलैत खेळायचा थांबला असता तर हात बहुतेक वाचला असता. जुलैत तू मला लिहिलं होतंस आणि मी तुला शेळ्या-उंट ऐकवले. ते माझ्या पदरात आहे, ते मी कुणावर टाकत नाही.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. चौघांत तो सगळ्यांत चांगला होता, ते वाक्य त्याने दोनदा वाचायला लावलं. मग एवढंच विचारलं, की मामाला जुलैत दिसलं होतं, तर त्याने आईला लिहिलं, क्लबला लिहिलं, मग मला फोन का नाही केला? माझा नंबर तर त्याच्याकडे आहे.

याचं उत्तर तूच त्याला लिही. त्याला मराठी वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन. एक शब्दही गाळणार नाही.

तळतळाट परत घेता येतो की नाही, कोण जाणे. आई असती तर तिला विचारलं असतं. चंद्राला ओवाळलं तेव्हा तुझं पत्र आलेलं नव्हतं, तेव्हा त्या दिवशीचं ओवाळणं तुझंच आहे. अक्षता टाकून घे.

लोभ असावा असं आजवर सवयीने लिहीत आले. या वेळी थांबून पाहिलं. तो आहे, जात नाही, आणि त्याचाच त्रास होतो.

ताई