आधी हेजहॉग, मग आम्ही

१४ ऑक्टोबर

डिलिस प्रॉबर्टने आज भर बैठकीत मला सोलून काढलं. आणि बाई खरं बोलत होती, म्हणून जास्त लागलं.

पाच नोव्हेंबरच्या जाळाची बैठक. दरवर्षी त्या रात्री गाव मैदानात होळीसारखा लाकडांचा ढीग पेटवतं, वर कापडी पुतळा बसवून. मैदान आमच्या कौन्सिलचं, म्हणून परवानगी माझ्या सहीने. व्हीलचेअरवाल्यांसाठी लाकडी चौथरा ठेवलाय, अगदी पुढे, जाळासमोर. मी कौतुकाने सांगितलं, सगळ्यांत छान तिथूनच दिसेल!

"आणि पळायची वेळ आली तर?" डिलिसने विचारलं. ती स्वतः खुर्चीवर. पूर्वी शाळेत जेवण वाढायची, अख्खं गाव तिच्या हातचं खाऊन मोठं झालंय.

मी परवानगीच्या कागदातलं वाचून दाखवलं. आधी गर्दी बाहेर पडेल. चौथऱ्यावरच्यांनी जागेवरच थांबावं, मग त्यांना न्यायला माणसं येतील.

ती रॉय टनस्टॉलकडे वळली. लाकडं रचतो रॉय, पेटवतोही तोच. "काय रे, पेटवायच्या आधी तू सगळा ढीग उपसतोस, तो कशाला?"

"हेजहॉगसाठी. थंडीचे आत शिरून झोपतात बिचारे. अंगावर काटे असले म्हणून काय झालं, जीवच ना!"

"म्हणजे हेजहॉग सगळ्यांच्या आधी बाहेर, आणि आम्ही सगळ्यांच्या शेवटी!"

रॉयचे कान लाल झाले. 'जागेवरच थांबावं' हे वाक्य मी लिहिलं होतं, आणि लिहिताना मला काहीसुद्धा वाटलं नव्हतं!

१५ ऑक्टोबर

झोप नाही. डोळे मिटले की चौथरा दिसतो, आणि त्यावर गपचूप बसून राहिलेली माणसं.

१८ ऑक्टोबर

मैदानावर गेलो, तिघंही. समुद्राकडून बोचरा वारा. डिलिसने खुर्ची चिखलातून अशी रेटली की रॉय धावत मागे. "ढकलू का?" "हात लावून बघ!"

भाजीच्या वाफ्यांच्या बाजूला छोटं फाटक आहे, कायम कुलूपबंद. डिलिस म्हणाली, चौथरा इथे हलवा, जाळापासून लांब. फाटक संध्याकाळभर सताड उघडं ठेवा. आम्ही आमच्या वाटेने जाऊ, कुणाची वाट बघणार नाही.

रॉय उसळला. "अगं, तिथून निम्मं गाव फुकट घुसेल!"

"मग तिथे माणूस उभा कर."

"माणसं आणू कुठून?"

मी तोंड उघडलं आणि शब्द निघून गेले — "मी उभी राहीन."

मूर्ख बाई! कुणी विचारलं होतं तुला?

२२ ऑक्टोबर

इथे लिहायला हरकत नाही. मला आगीची भीती वाटते. थोडीथोडकी नाही. गॅस पेटवतानासुद्धा मी मान वळवते. गेल्या वर्षी पार्किंगच्या खात्यातून या कामावर आले तेव्हा जाळाच्या रात्री 'कार्यालयातून लक्ष ठेवलं'. खिडकी बंद, पडदा ओढलेला, वर रेडिओ. ऑफिसात कुणाला माहीत नाही. सांगितलं तर म्हणतील, मग सही कशाला करतेस?

बरोबरच आहे त्यांचं.

१ नोव्हेंबर

रंगीत तालीम! पावसाची भुरभुर, फाटकाजवळ हलवलेल्या चौथऱ्यावर सगळे छत्र्या आणि थर्मास घेऊन. मी शिट्टी वाजवली. पहिला नंबर म्हाताऱ्या विल्फचा, तो चौथऱ्यावरून खाली जायच्या उतरणीच्या तोंडाशीच बसतो. त्याने खुर्चीचा ब्रेक लावला, टोपी काढली आणि मागच्या बाईला म्हणाला, "आधी तुम्ही."

"छे छे, आधी तुम्ही."

"असं कसं, तुम्हीच."

तिच्या मागचा म्हणाला, माझी काही घाई नाही. त्याच्या मागची म्हणाली, माझी तर मुळीच नाही. उतरण एकाच खुर्चीच्या रुंदीची! सगळे एकमेकांकडे बघून गोड हसतायत आणि कुणी तसूभर हलत नाही. खरी आग असती तर एवढ्यात कोळसा झाला असता, तोही सभ्य!

मला हसू यायला हवं होतं. मी घड्याळ बघितलं.

डिलिस मागून कडाडली, "विल्फ! खड्ड्यात गेली तुझी रीतभात! जो तोंडाशी, तो पहिला. थांबेल त्याला मी मागून धडक मारीन."

"बायका असताना मी पुढे जाऊ? आईने असं शिकवलं नाही मला."

"आईला वर जाऊन विचार, पण आज नको."

पुन्हा केलं. पुन्हा केलं. शेवटी विल्फ डोळे मिटून, पुटपुटत, सगळ्यांच्या आधी खाली उतरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो रडवेला झाला होता.

४ नोव्हेंबर

हवामानखातं म्हणतं, संध्याकाळी वारा फिरेल. रॉयला फोन केला. "दरवर्षी फिरतो गं पोरी. चहा पी आणि झोप."

चहा प्यायले.

५ नोव्हेंबर, दुपार

रॉयने ढीग उपसला. दोन हेजहॉग निघाले. डिलिस म्हणाली, "भाग्यवान आहेत." मी उगीच हसले. भाजलेला बटाटा हातात घेतला तो तसाच टाकला. देवा, आज वारा फिरू देऊ नकोस.

५ नोव्हेंबर, रात्र

सगळे सुखरूप. बाकी उद्या.

६ नोव्हेंबर

वारा फिरलाच. ढिगाच्या टोकावर बसवलेला कापडी पुतळा जळत जळत सुटला आणि घरंगळत वाफ्यांच्या कुंपणावर आला. आमच्याच बाजूला! सुक्या वेलांनी धडधडून पेट घेतला. शिट्टी झाली. विल्फने टोपी घट्ट धरली आणि निघाला, कुणाला काही न विचारता. मागोमाग सगळे. गर्दी आपल्या वाटेने, हे आपल्या वाटेने. कुणाला ओरखडासुद्धा नाही.

आज सकाळपासून अभिनंदनं चाललीत. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. "गेनॉर, फाटकाची कल्पना नामी हं!" मी म्हटलं, कल्पना डिलिसची. तेवढंच म्हटलं.

एक गोष्ट राहिलीये. आज लिहवत नाही.

८ नोव्हेंबर

लिहून टाकते. शिट्टी मी वाजवलीच नाही. ती डिलिसने वाजवली, माझ्या गळ्यातून ओढून घेऊन. मी फाटकाच्या मधोमध उभी होते, कुंपणाकडे बघत, आणि पाय हलेनात. वाट अडवून मीच उभी, आणि समोर विल्फ! डिलिस ओरडली, "बाजूला हो, नाहीतर बस!" आणि मला खेचून मांडीवर घेतलं. त्या रात्री मैदानातून उचलून न्यावं लागलेलं माणूस एकच. आज तिने फोन केला. "पुढच्या वर्षी चौथऱ्यावर तुझीही जागा धरते. तोंडाशी. विल्फ म्हणालाय, तो तुझ्या मागून येईल."