अळणी सूप आणि खिशातली पुडी

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

डाळमिलच्या खडखडाटात माझे कान इतके तयार झालेत की स्वयंपाकघरातली कुजबुजही ऐकू येते. आज ऐकली नसती तर बरं झालं असतं.

चाकूरहून आलेली माझी बहीण कमल सुमनला विचारत होती, "वहिनी, बीपी दादाला हाय. तुम्ही कामून अळणी सूप पिऊन राहिल्या?"

"त्यांच्या एकट्याच्या घशाखाली कसं उतरंल? पण चार महिने झाले, आकडा काही खाली येईना. माझ्याच हातून काहीतरी चुकत असंल."

चार महिने! आणि मी? दुधी-शेवग्याचं सूप वाढून ती वळली की खिशातल्या पुडीतलं मीठ टाकतो. वर "लई भारी झालंय" म्हणतो. ती मात्र तसलंच अळणी... कशी पीत असेल?

आज सांगायचंच, म्हणून आत गेलो. "सुमन, तुझं काही चुकत न्हाई."

"मग कुणाचं?"

कमल बघत होती. तोंडातून निघालं, "बीपीचं मशीनच खराब असंल."

"हाव का? मग उद्याच नवं आणते," सुमन म्हणाली. केवढा उजळला तिचा चेहरा.