सोंग उतरवायचं राहिलं

अण्णा, मला भीती वाटतेय. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसले ती हे सांगायला. लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. कॉलेजात सगळे म्हणतात, मॅडम, एवढं काय मनावर घेता, चार दिवसांत लोक विसरतील. लोक काय विसरतात आणि काय धरून ठेवतात, हेच तर मी जन्मभर शिकवत आलेय.

पालमजवळच्या त्या गावात तुम्ही मास्तर होतात आणि जत्रेच्या नाटकात दर वर्षी खलनायक. पोरांकडून पाढे म्हणून घेणारा माझा बाप स्टेजवर विधवेला घराबाहेर काढायचा, आणि पुढे बसलेल्या बाया कडाकडा बोटं मोडायच्या. नाटक संपलं की तुम्ही मिशी ओढून काढायचात, पडद्यापुढे येऊन हात जोडायचात. "मायबाप हो, मी तुमचा मास्तर हाय. ते सोंग होतं. असं वागणाऱ्याला दारात उभं करू नका." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका वर्षी लाईट गेली, नाटक मधेच मोडलं, आणि ते मिशी काढणं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी बाजारात मी तुमची पिशवी धरून उभी आहे, आणि वांगी विकणारी म्हातारी तुम्हाला बघून टोपलीवर पदर टाकतेय. "तुज्या हाताला वांगं देनार न्हाई. चल, हो म्होरं!" भर बाजारात तुम्ही तिची माफी मागता. घरी येऊन मी पोट धरून हसले, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलात. "हसायलीस काय? चूक तिची न्हाई, माझी हाय. लोकांसमोर चढवलेलं सोंग लोकांसमोरच उतरवावं लागतंय."

पुढे त्या म्हातारीवर मी प्रबंधात आख्खं प्रकरण लिहिलं. सिनेमा, मालिका, जत्रेतलं नाटक, मोबाइलवरची गाणी, आम्ही ज्याला लोकप्रिय संस्कृती म्हणतो, ती लोकांना खुळं करते असं विद्वान मंडळी नाक मुरडून सांगायची. मी ठासून लिहिलं की लोक खुळे नसतात. त्यांना सोंग कळतं, आणि राग कुणावर धरावा हे ते त्यातूनच शिकतात. तुमचं हात जोडणं मात्र मी तळटीपेत उरकलं. अनावश्यक उपदेश, असं लिहिलं. तुम्ही गेलेले होतात, वाचणार कोण?

तर गेल्या आठवड्यात जिंतूरला दुसऱ्या वर्षाच्या वर्गात, मालिकेतली सासू आपल्याला काय शिकवते हे सांगता सांगता मी पदर खोचला आणि सासूच झाले. "शिकून काय दिवे लावणार? पोरीच्या जातीनं उंबऱ्याच्या आतच शोभावं!" तुमचाच आवाज निघाला हो घशातून. वर्ग हसून लोळला. मग चाळीस मिनिटं मी त्या वाक्याची पिसं काढली. पहिल्या बाकावरच्या मुलीने सगळं मोबाइलवर घेतलं होतं. तिच्याकडून ते मागून घेतलं, आणि पुढचं भाषण कोण ऐकतंय म्हणून त्यातली सासूची तीस सेकंद तेवढी मीच कापून इंटरनेटवर चढवली. जिल्हाभर फिरली ती. लोक शिव्या देतील अशी माझी तयारी होती. एक शिवी नाही, अण्णा. नुसते जोडलेले हात. "मॅडम खरं बोलल्या." "अशाच शिक्षिका पाहिजेत." म्हातारीला खलनायक ओळखू तरी आला होता, इथे त्याला ओवाळायला लागलेत. मी व्हिडिओ काढून टाकला, तर म्हणे दबावाखाली काढला, आणि तो आणखीच पसरला. खुलासा टाकला, तो माझ्या बहिणीने बघितला.

काल सकाळी त्याच मुलीच्या वडिलांचा फोन आला. आवाजात नुसता आदर. "मॅडम, तुमचं बोलनं आमी समद्यांनी ऐकलं. लय पटलं. पोरीला सोमवारपासून घरीच ठेवलंय. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनंच सांगितलं, मग आमचा बी जीव भांड्यात पडला." शंका विचारून मला सळो की पळो करणारी पोर ती. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत परवा संपतेय. आज साडेदहाच्या एसटीने मी त्यांच्या गावी निघालेय. त्यांच्यासमोर बसून सांगायचंय की ते माझं म्हणणं नव्हतं. तो माणूस मोबाइलमधल्या बाईचं ऐकेल की दारात आलेल्या?

हे तुम्हाला पाठवायचं तरी कुठे, आणि पाठवता आलं असतं तर पुढचं मी लिहिलंच नसतं. त्यांनी एवढं कौतुक केलं तेव्हा माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थँक्यू." मग पुढे बोलायची हिंमतच झाली नाही, मी फोन ठेवला. ठेवता ठेवता मागून तिचा आवाज आला तेव्हा कळलं, फोन स्पीकरवर होता, अण्णा. पोर शेजारीच उभी होती.