वैदेहीचे बूट

मल्लेश्वरम, गुरुवार संध्याकाळ

वैदेही आज परदेशातून परतली. थंडीत झोपलेल्या वटवाघळांच्या नाकावरची पांढरी बुरशी फोटोंत दाखवत होती आणि सगळी लॅब तिच्याभोवती. परदेशातल्या त्या कामासाठी मीही अर्ज केला होता. मी फक्त तिचे बूट बघत होते. तळाला तिथल्या गुहेचा चिखल तसाच. बुरशी चिखलातून पसरते, ते बूट इथल्या गुहेत न्यायचे नाहीत, हे तिला मीच शिकवलं. उद्या आम्ही गुहेत जाणार. तरी तिला आठवण करून दिली नाही. झापू देत लॅबचे सर तिला सगळ्यांसमोर.

घरी आल्यावर वाटलं, सरांच्या लक्षातच नाही आलं आणि त्या बुरशीने इथली वटवाघळं मेली तर? शेवटी तिला फोन करून बुटांचं सांगितलं.

“थँक्स अक्का, विसरलेच होते. तुझे जादाचे बूट देशील?”

देईन. तिला बसतीलही. आमच्या पायांचं माप एकच आहे, तेच तर सलतंय.